आधी फुगायचं, मग थिजायचं

केक ओव्हनमध्ये असताना काचेतून आत बघत बसणं, हा मला केक करण्यातला निम्मा आनंद वाटतो. एरवीच्या स्वयंपाकात आपला हात शेवटपर्यंत चालू असतो. मीठ कमी पडलं तर वरून घाला, पातळ झालं तर आटवा, लागायला लागलं तर गॅस बारीक करा. केकचं तसं नाही. टिन आत गेला, दार लागलं, की आपलं काम संपलं. चव घेता येत नाही, ढवळता येत नाही, आणि चूक झालीच असेल तर ती अर्ध्या तासापूर्वीच होऊन गेलेली असते.

आत चालू असते एक शर्यत. केकचं मिश्रण हा खरं तर फेस असतो. मैदा, साखर, अंडी आणि बटर यांच्या ओल्या लगद्यात असंख्य बुडबुडे अडकलेले असतात. तापले की ते फुगतात, आणि त्याच वेळी त्यांच्या भोवतीच्या भिंती थिजायला लागतात. भिंती लवकर थिजल्या तर केक गच्च होतो, नाहीतर वरून तडकतो. उशीर झाला तर फुगलेले बुडबुडे फुटतात, एकमेकांत मिसळतात आणि केक मधोमध बसतो. "बटर मऊ असू द्या", "मैदा घातल्यावर जास्त फेटू नका", "दार उघडू नका" या कृतीतल्या सगळ्या सूचना त्या दोन गोष्टींची वेळ जुळावी म्हणूनच असतात.

हवा भरण्याचं काम ओव्हनच्या बरंच आधी होतं. पाउंड केकचं जुनं प्रमाण सरळ आहे: मैदा, बटर, साखर आणि अंडी, चारही एकेक पाउंड, म्हणजे साधारण 450 ग्रॅम. बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही. तरी केक फुगतो, कारण बटर आणि साखर फेटताना त्यात हवा कोंडली जाते. साखरेच्या कणांना कोपरे असतात. ते बटरमधून ओढले जाताना मागे हवेचे बारीक कप्पे सोडत जातात. फेटता फेटता पिवळं बटर पांढुरकं दिसायला लागतं ते यामुळेच. त्याचा रंग उडालेला नसतो, बुडबुड्यांवर आपटून प्रकाश विखुरत असतो.

मात्र बटर ही हवा धरून ठेवतं ते ठरावीक तापमानालाच. 18 ते 20 अंश सेल्सिअसला त्यात थोडी स्निग्धता घट्ट स्फटिकांच्या रूपात असते आणि थोडी पातळ तेलाच्या. त्यामुळे ते वाकतं, पण वाहत नाही. बोटाने दाबलं तर खळगा पडावा आणि बटर चकाकू नये, ही खूण थर्मामीटरइतकीच भरवशाची. फ्रीजमधून नुकतंच काढलेलं बटर फेटलंच जात नाही, आणि 32 ते 35 अंशांच्या दरम्यान ते पार वितळतं. वितळलेल्या बटरमध्ये हवा थांबत नाही. एकदा घाईघाईत मी ते मायक्रोवेव्हमध्ये घातलं, अर्धंअधिक वितळलं, आणि "चालतंय" म्हणून तसाच पुढे गेलो. केक चवीला झकास होता. वजनाला वीट.

मग बेकिंग पावडर कशासाठी? पावडर बुडबुडे तयार करते, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तसं होत नाही. ती आधीच असलेले बुडबुडे मोठे करते. याचं कारण पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आकसून घ्यायची ओढ. बुडबुडा जितका लहान, तितका त्याला सगळीकडून आत दाबणारा जोर मोठा. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, तसंच काहीसं. शून्यातून नवा बुडबुडा सुरू करायला वायूला फार जोर लावावा लागतो. त्यापेक्षा असलेल्या बुडबुड्यात शिरणं सोपं, आणि कार्बन डायऑक्साइड तेच करतो. म्हणून फेटण्याचा कंटाळा करून दुप्पट पावडर घातली तर फायदा होत नाही. मोजकेच बुडबुडे बेसुमार वाढतात, वर येऊन फुटतात, आणि जिभेवर साबणासारखी चव तेवढी राहते.

या पावडरीचा जन्म एका पथ्यातून झाला. बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या बायकोला ना अंडी सोसत, ना यीस्ट. 1837 मध्ये त्याने अंड्यांशिवाय कस्टर्ड करायची पावडर तयार केली आणि 1843 मध्ये यीस्टशिवाय फुगवणारी. तत्त्व असं की खाण्याचा सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डब्यात ठेवायचं आणि ओल शोषून घ्यायला मध्ये थोडा स्टार्च घालायचा. कोरडे असेपर्यंत दोघं शेजारी गुपचूप बसतात, ओलावा मिळाला की वायू सोडतात. अडचण इतकीच, की मिश्रण कालवल्या क्षणापासून वायू निसटायला लागतो. आता मिळणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये दोन आम्लं असतात, एक ओलाव्याने जागं होणारं आणि दुसरं उष्णतेने. त्यामुळे टिन पाच-दहा मिनिटं ओट्यावर राहिला तरी सगळं वाया जात नाही.

नुसता सोडा वापरायचा असेल तर मिश्रणात दही, ताक, लिंबाचा रस असं काहीतरी आंबट हवं. ते कमी पडलं की सोडा उरतो, आणि उरलेला सोडा ब्लूबेरीच्या केकमध्ये गंमत करतो. त्या फळातलं जांभळं रंगद्रव्य अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, निळं-हिरवं होतं. खायला काही हरकत नसते, पण पाहुण्यांना समजावून सांगत बसावं लागतं.

मैदा शेवटी आणि हलक्या हाताने. गव्हातली ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं पाणी लागून हात फिरला की एकमेकांना धरतात आणि ग्लूटेनची लवचीक जाळी तयार होते. पावाला ती हवीच असते. केक तिच्यामुळे चिवट होतो. मापाचं एक इथेच सांगून टाकतो. कपात मैदा चमच्याने हलका भरला तर साधारण 120 ग्रॅम बसतो, कपच पिठात खुपसला तर 150 पर्यंत जातो. पाव भागाचा फरक! नवा टिन, नवा बीटर राहू दे, आधी वजनकाटा घ्या.

पायचं (ॲपल पायमधला, चालायचा नव्हे) तर्कशास्त्र नेमकं उलटं. तिथे बटर फेटायचं नाहीच. ते गारच्या गार, वाटाण्याएवढे तुकडे करून मैद्यात सोडायचं आणि लाटताना चपटं होऊ द्यायचं. पिठाच्या पापुद्र्यांमध्ये बटरचे पातळ पत्रे बसतात. बटरमध्ये 16 ते 18 टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये बटर वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या जवळपास 1600 पट जागा मागते. पापुद्रे सुटतात ते तिच्या रेट्याने. हाताच्या उबेने बटर आधीच विरघळून पिठात मुरलं तर वाफेला उचलायला थरच उरत नाहीत. म्हणून गार पाणी, गार हात, मधेच फ्रीजची विश्रांती. पफ पेस्ट्रीत हाच प्रकार टोकाला जातो. बटरच्या एका थराची तिहेरी घडी सहा वेळा घातली की 729 थर होतात. सहाव्या घडीपर्यंत हात गारठतात, पण कापलेल्या कडेवर ते थर दिसले की सगळं वसूल.

परत ओव्हनच्या काचेकडे येऊ. ओव्हन 180 अंशांना असला तरी केकचा गाभा शंभराच्या पुढे जात नाही. पाणी शिल्लक असेपर्यंत उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. तयार केकच्या पोटात 96 ते 99 अंश भरतात. तिथवर जाताना आधी बटर वितळतं आणि धरून ठेवलेली हवा सोडून देतं. ती सावरतात अंड्यातली प्रथिनं. खोलीच्या तापमानापासून शंभर अंशांपर्यंत नुसती हवा फक्त पाव पटीने प्रसरण पावते. बाकीचा फुगवटा कार्बन डायऑक्साइडचा आणि वाफेचा. साठ-पासष्ट अंशांपासून अंडी घट्ट व्हायला लागतात. मग मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि भिंती पक्क्या होतात.

इथे साखर एक काम करते, ज्याचं श्रेय तिला कुणी देत नाही. साध्या पाण्यात गव्हाचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतो. केकच्या गोड मिश्रणात तो 85-90 पर्यंत लांबतो. अंड्यांचं थिजणंही साखरेमुळे पुढे ढकललं जातं. ही उसंत म्हणजेच केकला फुगायला मिळालेला वेळ. "आम्हाला कमी गोड आवडतं" म्हणून साखर निम्मी केली की भिंती आधीच थिजतात, आणि लोक बेकिंग पावडरीला दोष देतात.

ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्टी यांनी 1969 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकघरातल्या भौतिकशास्त्रावर व्याख्यान दिलं. शुक्राच्या वातावरणाचं तापमान आपण मोजतो, पण सुफ्लेच्या (अंड्याच्या फेसावर फुगणाऱ्या पदार्थाच्या) आत काय चालतं ते आपल्याला माहीत नाही, अशी त्यांची खंत होती. घरी टोचायचा थर्मामीटर असेल तर बघाच. कड आधी थिजते, मध्य शेवटी. कड जागेवर अडकली तरी मधलं मिश्रण वर चढत राहतं, म्हणून घुमट होतो. टिनभोवती ओल्या कापडाची पट्टी गुंडाळली तर कड उशिरा तापते आणि केक सपाट येतो. दार लवकर उघडू नये ते मधल्या भागासाठी. तिथल्या भिंती अजून ओल्या असतात, वायू गार होऊन आकसला की त्या खाली येतात.

रंग आणि वास ही वरच्या पातळ थराची कमाई. तिथलं पाणी उडून गेलेलं असतं, तापमान शंभराच्या बरंच वर चढतं, आणि साखर व प्रथिनं यांच्यात मायार अभिक्रिया सुरू होते. लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये तिची नोंद केली तेव्हा ते केकच्या नव्हे, तर सजीवांत प्रथिनं कशी बनतात याच्या मागे होते. या अभिक्रियेतून शेकडो सुगंधी रेणू तयार होतात. घरभर वास सुटला की सगळे खूश होतात. मला मात्र दर वेळी वाटतं, हा वास म्हणजे केकमधून निसटलेली चव आहे.

घंटी वाजली तरी शर्यत पूर्ण संपलेली नसते. नुसत्या अंड्यांच्या फेसावर उभे राहणारे केक गार होईपर्यंत टिनसकट उलटे टांगून ठेवतात, कारण गरम भिंतींना स्वतःचं वजन पेलवत नाही. आणि गार झाल्यावरही स्टार्च स्वस्थ बसत नाही. त्याचे रेणू हळूहळू पुन्हा रांगेत येऊन घट्ट होतात, त्यालाच आपण शिळं होणं म्हणतो. 1852 मध्ये बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं, की पाव ओलावा न गमावताही शिळा होतो आणि गरम केल्यावर पुन्हा मऊ पडतो. रेणूंची ही रांग फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने लागते, त्यामुळे क्रीम नसलेला साधा केक फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे त्याला म्हातारं करायची घाई. साखर आणि बटर हा वेग कमी करतात, म्हणून बटरचा केक घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर दोन-तीन दिवस छान राहतो. कडक झालेला तुकडा जरा गरम केला तर मऊ होतो, पण गार झाला की पुन्हा घट्ट. तेव्हा गरम करायचा तो लगेच खाण्यापुरताच.