कामाच्या यादीतून थेट चित्र: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानाची पोस्ट अडते ती चित्रापाशी. 'तान्ह्या पोळ्याची पोस्ट टाकायची' असं मोबाइलवरच्या कामाच्या यादीत आठवडाभर आधी लिहिलेलं असतं. मग गिऱ्हाईक, माल, उधारी यांत दिवस जातात आणि ऐन सणाच्या सकाळी कुठून तरी आलेलं फॉरवर्डचं चित्र आपल्या दुकानाच्या नावानं पुढे जातं. नागपुरातल्या इतवारी, महाल, सक्करदऱ्यातले आमचे बरेच ग्राहक हीच अडचण घेऊन येतात. आमची जोडणी त्यासाठीच आहे. यादीत काम लिहिलं की एआय त्याचं चित्र काढतो आणि ते चित्र त्याच कामाखाली येऊन पडतं. तुम्ही पाहून पसंत करेपर्यंत ते ना व्हॉट्सॲपवर जातं, ना इन्स्टाग्रामवर. चित्र आपोआप पोस्ट व्हावं अशी सोय करता येते, पण ती आम्ही करून देत नाही. दुकानाच्या नावानं जे बाहेर जाईल ते मालकाच्या नजरेखालून गेलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

जोडणी चालते कशी

तीन गोष्टी लागतात: कामाच्या यादीचं ॲप, चित्र काढणारी एआय सेवा आणि या दोघांना जोडणारी मधली सेवा. यादीसाठी आम्ही शक्यतो टुडूइस्ट घेतो, कारण त्यात प्रत्येक कामाखाली वर्णन लिहिता येतं, कामाला लेबल लावता येतं आणि शेरा जोडता येतो. हे सगळं फुकटच्या खात्यावर भागतं. मधल्या सेवेसाठी मेक, झॅपिअर आणि एनएटएन हे तीन पर्याय आहेत. झॅपिअर शिकायला सगळ्यांत सोपं, पण त्याच्या फुकट योजनेत दोनच टप्प्यांची साखळी बसते आणि आपल्याला चार-पाच टप्पे लागतात. एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, मात्र तो सर्व्हर सांभाळायला माणूस हवा. म्हणून लहान दुकानांना आम्ही बहुतेक वेळा मेक सुचवतो.

टुडूइस्टमध्ये 'चित्रं' नावाचा वेगळा प्रोजेक्ट करायचा. त्यात काम लिहून त्याला 'चित्र-हवं' हे लेबल लावायचं. मेक ठरावीक वेळानं तो प्रोजेक्ट उघडून बघतं. लेबल असलेलं काम दिसलं की त्याचं वर्णन उचलतं, चित्राच्या सेवेकडे पाठवतं, आलेलं चित्र तुमच्या गूगल ड्राइव्हमध्ये ठेवतं आणि त्याची लिंक कामाखाली शेऱ्यात टाकतं. शेवटी लेबल बदलून 'चित्र-पाहा' करतं.

लेबल बदलण्याचा हा शेवटचा टप्पा कोणी काढून टाकू नका. तो नसेल तर पुढच्या फेरीत मेकला तेच काम पुन्हा नवं वाटतं, पुन्हा चित्र निघतं, आणि रात्रभरात एकाच कामाची ढीगभर चित्रं व त्यांचं बिल तयार होतं. ड्राइव्हचा टप्पाही तितकाच गरजेचा. काही सेवा चित्र हातात न देता नुसती लिंक देतात आणि ती लवकर मरते. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीच्या डॅल-ई या चित्रसेवेची लिंक तासाभरातच बंद होत असे. सकाळी निघालेलं चित्र दुपारी उघडायला गेलात तर काहीच सापडणार नाही, म्हणून ते आधी आपल्या जागेत उतरवून घ्यायचं.

वर्णन कसं लिहायचं

सगळी करामत इथेच आहे. जोडणी आम्ही एका बैठकीत करून देऊ, पण चित्र चांगलं येणार की वाया जाणार हे तुमच्या वर्णनावर ठरतं.

नुसतं 'तान्हा पोळा' लिहिलंत तर यंत्र बहुधा शेतातला धिप्पाड जिवंत बैल काढून देईल. लाकडी नंदी ओढत दारोदार फिरणारी पोरं त्याला आपणहून सुचत नाहीत. आपलं गाव कधीच न पाहिलेल्या पेंटरला फोनवर समजावून सांगतोय असं धरून लिहा. उदाहरणार्थ:

'लाकडाचा रंगवलेला छोटा बैल, पायाखाली चाकं, गळ्यात झेंडूची माळ, शिंगांना चमकीचा कागद. पांढरा सदरा, धोतर आणि लाल फेटा घातलेला सहा वर्षांचा मुलगा त्याला दोरीनं ओढतोय. मागे जुन्या घराची पिवळसर भिंत, सकाळचं कोवळं ऊन. वरचा एक तृतीयांश भाग मोकळा. चित्रात कुठलीही अक्षरं नकोत. चौकोनी आकार.'

वरचा भाग मोकळा ठेवायचा तो तुमचं नाव आणि मजकूर नंतर बसवण्यासाठी. अक्षरं यंत्राकडून काढून घेऊ नका. देवनागरीत वेलांट्या सुटतात, जोडाक्षरं मोडतात, आणि 'शुभेच्छा' या शब्दाचं काय होईल ते सांगता येत नाही. नवी मॉडेलं यात सुधारली आहेत, तरी दुकानाच्या पाटीइतकाच पोस्टवरचा मजकूर शुद्ध असावा, म्हणून तो कॅन्व्हासारख्या ॲपमध्ये आपल्या हातानं टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

संत्र्याचंही असंच. यंत्राला 'संत्रं' सांगितलं की ते घट्ट सालीचं, चकचकीत गोल फळ काढतं. आपलं नागपुरी संत्रं तसं नसतं. सैल, सहज सुटणारी साल, देठापाशी किंचित उंचवटा, सोलल्यावर मोकळ्या होणाऱ्या फोडी, हे सगळं लिहावं लागतं. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावानं विकणाऱ्यानं दुसऱ्याच फळाचं चित्र लावावं हे आम्हाला बरं वाटत नाही. आणि कळमन्याच्या फळबाजारातला व्यापारी तर ते एका नजरेत ओळखेल.

वर्णन मराठीत लिहिलं तरी चालतं. कुठे अर्थ चुकतोय असं वाटलं तर मेकमध्ये भाषांतराचा एक टप्पा आम्ही मध्ये घालून देतो.

कशासाठी वापरू नका

विकायच्या मालाचं चित्र एआयकडून काढून घेऊ नका. संत्रा बर्फी, साडी, दागिना, सावजी रस्सा, काहीही असो, गिऱ्हाइकाला जे मिळणार तेच त्याला दिसलं पाहिजे. खिडकीपाशी उजेडात ठेवून मोबाइलनं काढलेला साधा फोटो लाख पटीनं बरा. एआयचं चित्र शुभेच्छा, सूचना, सणाची पार्श्वभूमी, 'उद्या दुकान बंद' एवढ्यासाठी ठीक.

दीक्षाभूमीचा स्तूप, टेकडीचा गणपती, बाबासाहेबांचा चेहरा हे तर मुळीच नको. यंत्र घुमटाचा आकार बदलतं, कमानी वाढवतं, चेहरा भलताच करतं. 14 ऑक्टोबर असो की विजयादशमी, लोक ज्या भावनेनं दीक्षाभूमीवर येतात तिथे असं चित्र लावणं योग्य नाही. खरा फोटो घ्या आणि तो ज्याचा आहे त्याची परवानगी घ्या. काळी-पिवळी मारबतीबद्दलही आमचा आग्रह हाच आहे, कारण ती मिरवणूक तुमच्या गल्लीतूनच जाते. फोटो काढायला लांब जायचं नाही.

कामाच्या वर्णनात गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर किंवा फोटो टाकू नका. जे लिहाल ते बाहेरच्या सेवेकडे जातं.

खर्च

चित्राचे पैसे सेवा प्रत्येक चित्रामागे घेते. आकार आणि दर्जा वाढला की रक्कम वाढते. चॅटजीपीटीचं मासिक सदस्यत्व तुमच्याकडे असलं तरी ते इथे चालत नाही, कारण या जोडणीचं खातं वेगळं असतं आणि त्यात आधी पैसे भरावे लागतात. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, हे बँकेच्या ॲपमध्ये आधीच बघून ठेवा. बैठक बहुतेक वेळा इथेच अडते. खात्यात सुरुवातीला कमीत कमी रक्कम भरा आणि आपोआप भरणा होण्याची सोय बंद ठेवा, म्हणजे काही बिघडलं तरी नुकसान तेवढ्यावरच थांबेल.

मेकच्या फुकट योजनेत महिन्याला 1000 क्रेडिट मिळतात आणि साधारण एका टप्प्याला एक क्रेडिट खर्च होतं. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण यादी नुसती उघडून पाहिली आणि काही सापडलं नाही, तरी एक क्रेडिट जातं. दर 15 मिनिटांनी बघायला लावलं तर दिवसाला 96 आणि 30 दिवसांत 2880 होतात, म्हणजे अकराव्या दिवशीच सगळं ठप्प. म्हणून आम्ही सकाळी 10 ते रात्री 8 दर तासाला एकदा अशी वेळ लावतो. त्यात महिन्याला साधारण 330 क्रेडिट जातात. एका चित्राला पाच टप्पे धरले तरी उरलेल्यांत 130 च्या आसपास चित्रं बसतात. एका दुकानाला याहून जास्त लागत असतील तर आधी पोस्ट कमी करा, असाच सल्ला आम्ही देऊ.

खाती कोणाच्या नावावर

सगळी खाती तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर उघडली जातील. एपीआय की म्हणजे चित्राच्या सेवेच्या खात्याची किल्ली. ती तुमच्या समोर बसून मेकमध्ये टाकली जाते, आम्ही तिची नक्कल ठेवत नाही. ती व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका, आम्हालाही नाही. ती कोणाच्या हाती लागली असं वाटलं तर खात्यात जाऊन लगेच रद्द करा आणि नवी काढा. जुनी की रद्द केल्यावर जोडणी बंद पडेल. तेव्हा आम्हाला फोन करा, आम्ही दुकानात येऊन नवी बसवून देऊ.

चित्रं येणं अचानक थांबलं तर आधी दोन गोष्टी बघा: चित्राच्या खात्यातले पैसे संपले का, आणि मेकमध्ये जोडणीचं बटण बंद झालं का. सलग चुका झाल्या की मेक ते स्वतःहून बंद करतं आणि तसा ईमेल पाठवतं.

पहिल्या बैठकीला येताना मोबाइल, बँकेचं कार्ड आणि एक ओळखपत्र आणा, कारण ओपनएआय काही मॉडेलांसाठी ओळख पडताळून बघतं. शिवाय पुढच्या महिन्याभरात टाकायच्या चार-पाच पोस्ट कागदावर लिहून आणा. त्यांचीच वर्णनं सोबत बसून तयार करू, म्हणजे घरी जाताना पहिली चित्रं तुमच्या ड्राइव्हमध्ये असतील.