यीस्ट एक नव्हे, दोन: सेंट्रोमिअर कुठे ते कोण ठरवतं?

एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने परवा विचारलं, "सर, यीस्टचं सेंट्रोमिअर एका पुस्तकात १२५ बेस-जोड्यांचं दिलंय आणि दुसऱ्यात लाखाच्या घरात. चूक कोणाची?"

चूक कोणाचीच नाही. (बेस-जोडी म्हणजे डीएनएच्या लिपीतलं एक अक्षर.) दोन पुस्तकं दोन वेगळ्या जिवांबद्दल बोलतायत. एक आपल्या नाशिकच्या वायनरीत द्राक्षाचा रस आंबवणारं, पावात घालतो तेच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. याला अंकुर फुटतो. दुसरं शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे, लांबट कांडीसारखं आणि मधोमध दुभंगणारं. 'पॉम्बे' हा बिअरसाठीचा स्वाहिली शब्द, कारण हे यीस्ट आफ्रिकेतल्या बिअरमधून वेगळं केलं गेलं. दोघंही साखरेची दारू करतात, पण त्यांचे वंश कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळे झालेत.

पेशी दुभंगताना सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या बारीक नळ्या, गुणसूत्राला जिथे धरून ओढतात, ती जागा म्हणजे सेंट्रोमिअर. ती हरवली तर गुणसूत्रांची वाटणीच चुकते. डीएनए एरवी हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळलेला असतो, हा न्यूक्लिओसोम. सेंट्रोमिअरवर मात्र नेहमीच्या एच-३ हिस्टोनच्या जागी एक खास हिस्टोन बसतो. पहिल्या यीस्टमध्ये त्याचं नाव सीएसई-४, दुसऱ्यात सीएनपी-१. काम तेच. तो कुठे बसायचा हे ठरवण्याची रीत मात्र दोघांत अगदी निराळी आहे, आणि गोंधळ तिथेच होतो.

वायनरीतल्या यीस्टचं सेंट्रोमिअर मला नाशिकच्या रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसारखं वाटतं. जागा पक्की. त्या सव्वाशे जोड्यांचा क्रमच सगळं सांगतो. त्याच्या एका टोकाच्या पट्ट्यात मोक्याचं एक अक्षर बदललं तरी सेंट्रोमिअर निकामी होतं. सोळा गुणसूत्रं, प्रत्येकावर असा एकच खास न्यूक्लिओसोम आणि त्याला धरणारी एकच सूक्ष्मनलिका.

पॉम्बेचं सेंट्रोमिअर गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारासारखं. भाजीवाल्या मावशींची जागा कुठल्या फलकावर लिहिलेली नसते. गेल्या बुधवारी बसल्या होत्या, म्हणून याही बुधवारी तिथेच. पॉम्बेला गुणसूत्रं तीनच, पण सेंट्रोमिअर सुमारे ३५ हजारांपासून १ लाख १० हजार जोड्यांपर्यंत पसरलेलं. मधल्या गाभ्यावर सीएनपी-१ आणि दोन्ही बाजूंना हेटरोक्रोमॅटिन, म्हणजे घट्ट मिटलेलं क्रोमॅटिन (हिस्टोनांवर गुंडाळलेला डीएनए म्हणजे क्रोमॅटिन). संशोधकांनी एका गुणसूत्राचं सेंट्रोमिअरच कापून टाकलं, तेव्हा बहुतेक पेशी मेल्या. वाचलेल्यांपैकी काहींनी मात्र गुणसूत्राच्या टोकाजवळ नवं सेंट्रोमिअर मांडलं होतं. मारुतीचं असं होत नाही.

मग क्रोमॅटिन रीमॉडेलर कशाला? हे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून न्यूक्लिओसोम सरकवणारे, काढणारे, बदलणारे प्रथिनसंच. पॉम्बेला ते लागणार हे उघड आहे. एच-३ उठवून सीएनपी-१ला जागा करून देण्यात आयएनओ-८०, आणि सीएनपी-१ बसवण्यात एचआरपी-१ हातभार लावतात. पण ज्याची जागा अक्षरांनीच पक्की केलीय, त्यालाही रीमॉडेलर का लागावा? मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

मारुती जागचा हलत नाही, पण पूर येतो. वायनरीतल्या यीस्टच्या सेंट्रोमिअरला हेटरोक्रोमॅटिनचा बांध नाही. शेजारच्या जनुकांचं वाचन करणारं यंत्र सेंट्रोमिअरवरून गेलं तर तिथली बांधणी विस्कटते. फन-३० हा रीमॉडेलर तिथे आजूबाजूचे न्यूक्लिओसोम जागेवर ठेवतो, नकोसं वाचन दाबतो आणि अशा वाचनाने होणारं नुकसान कमी करतो. उलट बाजूचंही काम आहे: सीएसई-४ भलत्याच ठिकाणी बसला तर त्याला उठवण्यात एसडब्ल्यूआय-एसएनएफ हा संच मदत करतो. म्हणजे अक्षरं जागा सांगतात. ती जागा मोकळी ठेवायला आणि इतरत्र दुसरी उभी राहू न द्यायला रीमॉडेलर लागतात.

पॉम्बेतही फन-३०चा भाऊबंद आहे, एफएफटी-३. तो सीमेवर उभा राहतो आणि बाहेरच्या सक्रिय क्रोमॅटिनला सेंट्रोमिअरच्या हद्दीत शिरू देत नाही. घराणं एकच असल्याने परीक्षेत या दोघांचीही सरमिसळ होते.

फरक पटवायला मी त्या विद्यार्थिनीला एक प्रयोग सांगितला. त्या सव्वाशे जोड्या एका प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावर चढवून वायनरीतल्या यीस्टमध्ये सोडा, सेंट्रोमिअर तयार होतं. पॉम्बेत नुसता मधला गाभा असा सोडला तर सीएनपी-१ एरवी बसत नाही, शेजारी हेटरोक्रोमॅटिन लागतं. पण एकदा का तो बसला, की नंतर ते हेटरोक्रोमॅटिन काढून घेतलं तरी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो.