मौखिक भाषाशिक्षण (प्राथमिक स्तर)

मौखिक भाषाशिक्षण : प्राथमिक वर्गांतील मुलांची ऐकून समजण्याची व बोलून व्यक्त होण्याची क्षमता हेतुपूर्वक वाढविणारे अध्यापन. गोष्ट सांगणे, बडबडगीते, चित्रवर्णन, नाट्यीकरण, गटात बोलणे ही त्याची परिचित साधने होत. पाठांतर व प्रकट वाचन यांची गणना पुष्कळदा यातच केली जाते. परंतु त्यांत शब्द दुसऱ्याचे असतात, मुलाला स्वतःचे वाक्य जुळवावे लागत नाही. त्यामुळे ती वेगळी ठेवणे योग्य.

या क्षमतेसाठी इंग्रजीत रूढ असलेली ‘ऑरसी’ ही संज्ञा बर्मिंगहॅम विद्यापीठातील अँड्र्यू विल्किन्सन यांनी १९६५ च्या सुमारास घडविली. साक्षरतावाचक ‘लिटरसी’ आणि इंग्लंडमधील शिक्षणविषयक क्राउथर अहवालातून (१९५९) पुढे आलेली संख्याज्ञानवाचक ‘न्यूमरसी’ यांच्या पंक्तीत बोलण्यालाही स्थान मिळावे, हा हेतू त्यामागे होता. कल्पनेचे मूळ मात्र वादाचे आहे. काही अभ्यासक ते प्राचीन वक्तृत्वशास्त्रापर्यंत नेतात. इ. स. पहिल्या शतकात रोमन शिक्षक क्विंटिलियन याने मुलाच्या दाईचे बोलणेही शुद्ध असावे, असा आग्रह धरला होता. तरीही त्या परंपरेचे लक्ष्य भावी वक्ता हे होते. मुलाचे रोजचे, अडखळते बोलणे हेच अध्यापनाचे क्षेत्र मानणारी दृष्टी बहुधा विसाव्या शतकातलीच म्हणावी लागेल.

या दृष्टीला आधार मिळाला तो मानसशास्त्रातून. मूल खेळताना स्वतःशीच बोलते. प्याजे यांनी १९२३ मध्ये या बोलण्याला आत्मकेंद्री म्हटले आणि ते वाढत्या वयाबरोबर विरते असे मानले. व्हिगोट्स्की यांच्या मते (१९३४) ते विरून जात नाही, आत वळते आणि विचाराचे रूप घेते. शिक्षकाला दुसरे मत अधिक उपयोगी पडते.

वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाची भाषाच तोकडी, हा समज फार नुकसान करणारा आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बर्नस्टाइन यांच्या मर्यादित (संदर्भावर विसंबणाऱ्या) व विस्तृत (अर्थ उलगडून सांगणाऱ्या) संकेतप्रणालींच्या, म्हणजे बोलण्याच्या धाटणींच्या, मांडणीतून तो बळावला. अमेरिकन भाषावैज्ञानिक लबॉव्ह यांनी १९६९ मध्ये अशा न्यूनतावादी, म्हणजे मुलाच्या भाषेतच उणीव मानणाऱ्या, विचाराचे खंडन केले. परीक्षकासमोर एकेका शब्दात उत्तरे देणारे मूल ओळखीच्या वातावरणात भरभरून बोलते, हे त्यांनी दाखविले. टिझर्ड व ह्यूज (१९८४) यांनी चार वर्षांच्या ३० मुलींचे घरचे व बालवर्गातले बोलणे ध्वनिमुद्रित केले. कामगारवर्गीय घरांतही संवाद लांब आणि प्रश्नांनी भरलेले होते. त्याच मुली बालवर्गात दबून बोलत. म्हणजे तपासायला हवा तो वर्ग.

वर्गातील संवादाचा नेहमीचा साचा त्रिपदी असतो : शिक्षकाचा प्रश्न, मुलाचे उत्तर, शिक्षकाचा शेरा. सिंक्लेअर व कूल्थार्ड यांनी १९७५ मध्ये त्याचे वर्णन केले. यात मुलाच्या वाट्याला मधली एकच खेप येते आणि तीही बहुधा एका शब्दाची. मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. इतका स्वस्त उपाय शिक्षणात क्वचितच सापडतो.

चुकांची दुरुस्ती हा नाजूक भाग. ‘मी घर करलं’ असे मूल म्हणते, तेव्हा ‘बसलं’, ‘पळलं’ यांवरून त्याने नियम स्वतः शोधून काढलेला असतो आणि तो अपवादावर अडखळलेला असतो. ‘चूक! केलं म्हण’ असे तोडण्यापेक्षा ‘हो का? कसलं घर केलंस?’ असे विचारले, तर योग्य रूप कानावर पडते आणि बोलणेही पुढे चालू राहते. बार्न्स (१९७६) यांनी चाचपडत्या बोलण्याला ‘शोधक बोलणे’ म्हटले आहे. ‘कदाचित’, ‘नाही, थांब’ अशा त्यातल्या शब्दांत मुले विचार करत असतात.

इंग्लंडमध्ये १९७५ च्या बुलक अहवालाने प्रत्येक विषयाच्या अध्यापनात भाषेचा विचार व्हावा, असे सुचविले. १९८७ ते १९९३ या काळात तेथे राष्ट्रीय मौखिकता प्रकल्प राबविला गेला.

मूल्यमापन अवघड आहे, कारण बोलणे मागे राहत नाही आणि समोर कोण आहे यावर ते बदलते. एका तोंडी परीक्षेपेक्षा निरनिराळ्या प्रसंगी केलेल्या नोंदी व ध्वनिमुद्रणे अधिक विश्वसनीय ठरतात.