दोन अरुण, एक बसंतर: जनरल वैद्य आणि सेकंड लेफ्टनंट खेत्रपाल

डिसेंबर उजाडला की ठरलेला मजकूर फिरू लागतो. पूना हॉर्सच्या अरुण वैद्यांनी बसंतरच्या लढाईत पाकिस्तानचे दहा रणगाडे फोडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं, अशा अर्थाचा. सोबत फोटो कधी पुढे लष्करप्रमुख झालेल्या जनरल वैद्यांचा, कधी एकवीस वर्षांच्या एका कोवळ्या अधिकाऱ्याचा, अरुण खेत्रपाल यांचा. एवढ्याशा मजकुरात दोन माणसं, दोन रेजिमेंटा आणि दोन पदकं एकमेकांत कालवलेली असतात. दोघांच्याही वाट्याला आलेलं खरं काम त्यात हरवून जातं, म्हणून हे सविस्तर लिहायला हवं.

गोंधळाला कारणं आहेत. दोघांचं नाव अरुण. दोघं रणगाडा दलातले. दोघांना १९७१च्या बसंतरच्या लढाईसाठी पदक मिळालं. त्यात पुण्याचा धागा दोन्हीकडे: अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०चा, अरुण श्रीधर वैद्य अलिबागचे, पण त्यांची हत्या झाली ती पुण्यात. वैद्यांची रेजिमेंट डेक्कन हॉर्स, खेत्रपालांची पूना हॉर्स. मराठी वाचकाला ही दोन्ही नावं आपल्याच गावची वाटतात.

नावांचं आधी उरकून टाकू. पूना हॉर्सचं मूळ १८१७ साली, दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहानंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या घोडदळात आहे. डेक्कन हॉर्सचं मूळ निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेत. आज दोन्ही रणगाड्यांच्या रेजिमेंटा आहेत आणि त्यांतले बहुतेक जवान उत्तर भारतातले. नावात पुणे किंवा दख्खन आहे म्हणून ती मराठी पलटण ठरत नाही. लष्करात पूना हॉर्स म्हणजे १७ हॉर्स आणि डेक्कन हॉर्स म्हणजे ९ हॉर्स. आकडा सोबत लिहिला तर निम्मा घोळ तिथेच मिटतो.

खरा अडतो तो मुद्दा हुद्द्याचा आहे. बसंतरला वैद्य आणि खेत्रपाल एकाच फौजेत होते, पण एकाच्या हाती अख्खी ब्रिगेड होती आणि दुसऱ्याच्या हाती एक रणगाडा. हे अंतर डोळ्यांसमोर आणायचं तर रणगाडा दलाची उतरंड माहीत हवी. तीन रणगाड्यांचा एक ट्रूप. तो सांभाळतो सेकंड लेफ्टनंट, लेफ्टनंट किंवा जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, जवानांतून बढती मिळालेला अधिकारी). चार ट्रूप आणि मुख्यालयाचे दोन मिळून चौदा रणगाड्यांची स्क्वाड्रन, तिच्यावर मेजर. तीन स्क्वाड्रन आणि रेजिमेंट मुख्यालयाचे तीन मिळून पंचेचाळीस रणगाड्यांची रेजिमेंट, तिचा कमांडंट लेफ्टनंट कर्नल. अशा दोन-तीन रेजिमेंटा एकत्र आल्या की चिलखती ब्रिगेड, आणि तिच्यावर ब्रिगेडियर. १९७१ साली वैद्य १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे कमांडर होते. पूना हॉर्स आणि हॉडसन्स हॉर्स त्यांच्या हाताखाली होत्या. खेत्रपाल याच पूना हॉर्समधले सर्वांत नवे अधिकारी. १३ जून १९७१ला कमिशन, युद्ध पेटलं तेव्हा अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात. म्हणजे वैद्य पूना हॉर्सचे नव्हते. पूना हॉर्स त्या लढाईत वैद्यांच्या ब्रिगेडमध्ये होती. बहुतेक चुका या एका वाक्याच्या न कळण्यातून निघतात.

आता लढाई. शकरगढचा फुगवटा, म्हणजे भारताच्या बाजूला पुढे आलेला पाकिस्तानी प्रदेश, समोर बसंतर नदी, दोन्ही काठांना पाकिस्तानने दाट सुरुंग पेरलेले. नदी ओलांडायची जबाबदारी मेजर जनरल पिंटो यांच्या ५४ पायदळ डिव्हिजनची. १५ डिसेंबरच्या रात्री ४७ पायदळ ब्रिगेडने ब्रिजहेड, म्हणजे पलीकडच्या काठावर पाय रोवायला जागा, घेतलं. मेजर होशियार सिंह यांचं परमवीर चक्र याच कामगिरीचं. पण पलीकडे पोहोचलेल्या पायदळाजवळ रणगाडे नसले तर पहाटेच्या रणगाडा-हल्ल्यात ते चिरडलं जातं. म्हणून इंजिनिअरांनी सुरुंगातून वाट काढायची आणि उजाडायच्या आत रणगाडे पार न्यायचे, असा बेत होता. वाट पूर्ण व्हायच्या आतच शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल ऐकू येऊ लागली. तेव्हा लेफ्टनंट कर्नल हणूत सिंह यांची पूना हॉर्स अर्धवट मोकळ्या झालेल्या वाटेनेच आत शिरली.

ब्रिगेड कमांडरचं काम इथे दिसतं, आणि फोटोत ते कधीच दिसत नाही. कुठली रेजिमेंट आधी पार करायची, कुठली हाताशी राखून ठेवायची. एकच अरुंद वाट, तीत एक रणगाडा सुरुंगावर जाऊन अडकला तर मागचे सगळे खोळंबतात, मग दुसरी वाट कुठून काढायची. पलीकडच्या पायदळ ब्रिगेडशी आणि तोफखान्याशी मेळ कसा ठेवायचा. प्रतिहल्ला नक्की कुठून येतोय हे वायरलेसवरच्या तुटक बातम्यांवरून ओळखायचं कसं. वैद्यांच्या दुसऱ्या महावीर चक्रामागे हे आहे: सुरुंगक्षेत्र आणि अवघड जमीन ओलांडून ब्रिगेड पार नेणं, ब्रिजहेड रुंदावणं आणि प्रतिहल्ले मोडणं. त्यात त्यांनी स्वतः किती रणगाडे फोडले हा प्रश्नच गैरलागू आहे. ब्रिगेडियर स्वतः तोफ डागायच्या मागे लागला तर बाकीची फौज चालवणार कोण?

रणगाडे फोडण्याचा प्रश्न लागू होतो तो खेत्रपालांना. १६ डिसेंबरला जरपालजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांनी प्रतिहल्ला चढवला. पूना हॉर्सच्या बी स्क्वाड्रनने मदत मागितली आणि ए स्क्वाड्रनमधून थोडे सेंच्युरियन रणगाडे धावले. त्यांत खेत्रपालांचा 'फॅमागुस्टा' नावाचा रणगाडा. झुंज अगदी जवळून झाली. रणगाड्याला आग लागली तेव्हा खेत्रपालांना वायरलेसवर बाहेर पडण्याचा हुकूम झाला. तोफ चालते आहे तोवर रणगाडा सोडणार नाही, असं त्यांनी कळवलं आणि ते लढत राहिले. पुढच्या माऱ्यात ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. आणि तो दहाचा आकडा? सन्मानपत्राप्रमाणे त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यातले चार खेत्रपालांनी उडवले. एका रणगाड्याने चार पॅटन उडवणं हीच थोर कामगिरी आहे. ती दहावर नेली की बाजूला लढलेल्या सहकाऱ्यांचे सहा पुसले जातात. ही फुगवाफुगवी मला अजिबात मान्य नाही.

वैद्यांचं पहिलं महावीर चक्र मात्र वेगळ्या प्रकारच्या लढाईचं आहे. १९४५ साली कमिशन मिळून ते रॉयल डेक्कन हॉर्समध्ये आले, तेव्हा ही रेजिमेंट ब्रह्मदेशात शर्मन रणगाडे घेऊन लढत होती. वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५मध्ये, ते त्याच रेजिमेंटचे कमांडंट होते आणि रणगाडे अजून शर्मनच होते. समोर ९० मिलिमीटर तोफेचे अमेरिकन पॅटन. जागा खेमकरण भागातलं असल उत्तर. समोरासमोर पॅटनच्या तोंडाला शर्मन टिकत नव्हता, म्हणून लढायची पद्धतच वेगळी: घोड्याच्या नालेच्या आकाराची बचावफळी, रणगाडे उभ्या उसात दडवलेले, शेतांत पाणी सोडून जमीन चिखल केलेली, शत्रू जवळ येऊन कूस दाखवेपर्यंत तोफ गप्प. पॅटन चिखलात मंदावले आणि बाजूने मार खाऊ लागले. १० सप्टेंबरपर्यंत पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा हल्ला मोडला. इथे वैद्य एका रेजिमेंटचे प्रमुख होते, आघाडीवर, स्वतःच्या रणगाड्यात. हे यश त्यांच्या एकट्याच्या नावावर टाकणंही चूक. सेंच्युरियनवाल्या ३ कॅव्हलरीचे लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब आणि २ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे ब्रिगेडियर थिओगराज यांनाही इथे महावीर चक्र मिळालं, आणि जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन टिपणारे ४ ग्रेनेडिअर्सचे अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र.

याच टप्प्यावर आणखी एक माणूस वैद्यांमध्ये मिसळला जातो: लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर. तेही १९६५चे, तेही एका 'हॉर्स'चे कमांडंट. पण ते पूना हॉर्सचे, सियालकोट आघाडीवर, फिलोरा आणि बुतूर डोग्रांडीच्या लढायांत. १६ सप्टेंबरला वीरमरण, मरणोत्तर परमवीर चक्र. म्हणजे पूना हॉर्सला दोन्ही युद्धांत एकेक परमवीर चक्र मिळालं, तारापोर आणि खेत्रपाल. वैद्य या यादीत बसत नाहीत.

पदकांचं थोडक्यात. परमवीर चक्र युद्धातलं सर्वोच्च, महावीर चक्र त्याखालचं. पहिलं कांस्याचं आणि दुसरं चांदीचं असल्यामुळे फोटो पाहून अनेकजण उलट समजतात. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं की नवं चक्र देत नाहीत, फितीवर आडवी पट्टी चढते. तिला बार म्हणतात. म्हणून वैद्यांसाठी 'महावीर चक्र आणि बार' असं लिहायचं. आजवर हा मान सहाच जणांना मिळाला आहे. त्याचं मोल सांगायला परमवीर चक्राची खोटी भर कशाला?

नंतरचा प्रवास बहुतेकांना ठाऊक असतो: पूर्व विभागाचे प्रमुख, १९८३मध्ये लष्करप्रमुख, एप्रिल १९८४मध्ये सियाचिनवरचं ऑपरेशन मेघदूत, जूनमध्ये ब्लू स्टार. मात्र १० ऑगस्ट १९८६ला पुण्यात गाडी चालवताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ते पदावर नव्हते. ३१ जानेवारीलाच ते निवृत्त झाले होते. त्यामुळे 'लष्करप्रमुखांची हत्या' असं छापणं चूक आहे. ती माजी लष्करप्रमुखांची हत्या होती.