पाकिटात पाकीट: सांगलीपासून मुंबईच्या क्लाउडपर्यंत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बिलं करणारा संगणक आणि मुंबईच्या डेटा सेंटरमधला व्हर्च्युअल सर्व्हर एकाच नेटवर्कात हवेत, पण मधल्या इंटरनेटवरचे राउटर खासगी (फक्त आतल्या नेटवर्कात चालणारे) पत्ते ओळखत नाहीत. म्हणून आतली फ्रेम, म्हणजे माहितीचं मूळ पाकीट, जशीच्या तशी ठेवून वर सार्वजनिक पत्त्याचं दुसरं पाकीट चढवतात. याचा रूढ प्रकार म्हणजे व्हीएक्सलॅन. एकाच जाळ्याचे वेगळे भाग पाडणाऱ्या जुन्या व्हीलॅनचा क्रमांक 12 बिटांचा, त्यात 4094 नेटवर्क बसतात. व्हीएक्सलॅनचा 24 बिटांचा, त्यात 1 कोटी 67 लाखांहून जास्त.

कोणतं यंत्र कुठल्या टोकाला आहे, याची यादी मध्यवर्ती कंट्रोलर ठेवतो आणि दोन्ही टोकांना नियम उतरवून देतो. ‘हा आयपी कुणाचा?’ ही एआरपीची (आयपीवरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधण्याची) हाक मग मुंबईपर्यंत जात नाही, सांगलीतच उत्तर मिळतं. कंट्रोलर बंद पडला, तर नीट रचलेल्या जाळ्यात जुन्या नियमांवर काम चालू राहतं. नवा सर्व्हर मात्र दिसत नाही.

दोन्हीकडे 192.168.1 हीच पत्त्यांची मालिका नाही ना, हे आधी पाहा, नाहीतर दोन यंत्रांचा पत्ता एकच निघू शकतो. ती सगळीकडेच असते.

खरा घोळ वरच्या पाकिटाच्या 50 बाइटांचा. लाइनची मर्यादा एका पाकिटाला 1500 बाइट, म्हणजे आत उरले 1450. व्हीएक्सलॅन स्वतः काहीच गुप्त ठेवत नाही, त्यामुळे आयपीसेक (पाकिटं सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) लावावंच लागतं आणि जागा आणखी घटते. मग पिंग (छोटं चाचणी पाकीट) जातो, लॉगिन होतं, पण मोठी पीडीएफ अर्ध्यात अडकते आणि बोल सर्व्हरला लागतो. ‘पाकीट मोठं आहे’ हा आयसीएमपी (नेटवर्कातल्या अडचणी कळवणारा) निरोप वाटेतल्या फायरवॉलने गिळलेला असतो, त्यामुळे पाठवणारा तेवढंच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तुकडे न करण्याची खूण लावून पिंग करा. 1422 बाइटांपासून उतरत या. 1372 ला गेला, तर त्यात हेडरचे 28 मिळवून आतला एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) 1400. मग टीसीपीचा एमएसएस (हेडर वगळून एका पाकिटात मावणारी माहिती) राउटरवरच 1360 ला बांधून टाका.

अंतर मात्र कुठलाच कंट्रोलर कमी करत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. 400 किलोमीटरची केबल धरली तर जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद. बिलाचा एक स्क्रीन डेटाबेसला एकामागून एक 200 प्रश्न विचारत असेल, तर 0.8 सेकंद नुसत्या प्रवासात जाते. तेव्हा डेटाबेस आणि बिलांचं सॉफ्टवेअर दोन्ही मुंबईतच ठेवा. सांगलीत ब्राउझर पुरतो.