‘फ्रीवालं टाका की’ : सांगलीतल्या संगणकवेडाची पार्श्वभूमी

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा-चिप) आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी पुष्कळ मशिनं एका तारखेत म्हातारी झाली. विश्रामबागेत किंवा हरभट रोडच्या आसपास दुरुस्तीच्या दुकानात उभं राहिलं की तेव्हापासून एक वाक्य हमखास कानावर येतं : “दादा, मग ते फ्रीवालंच टाकून द्या की.”

यातलं ‘फ्रीवालं’ म्हणजे कुणाच्या मनात लिनक्स (विंडोजऐवजी बसवायची दुसरी सिस्टिम) असतं, तर कुणाच्या मनात अटी चुकवून बसवलेलं विंडोज ११. उरलेल्यांना फक्त पैसे पडायला नको असतात. दुकानदार चेहरा बघून अर्थ लावतो. हा एक शब्द इतक्या अर्थांनी का फिरतो, हे कळायला इथल्या संगणकवेड्यांनी काय वापरलं, काय ऐकलं, काय पाहिलं आणि ते त्यांच्यापर्यंत कसं पोचलं, हे बघावं लागतं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकतो. १९८४ मध्ये केंद्र सरकारने निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्याचा कार्यक्रम काढला. पण इथल्या बहुतेकांची पहिली गाठ पडली ती नव्वदच्या दशकात, खासगी क्लासमध्ये, डॉसच्या काळ्या पडद्याशी. चपला बाहेर, एसी चालू, एका मशीनवर दोघंतिघं. छंद म्हणावा असं जे काही होतं ते १.४४ एमबीच्या फ्लॉपीतून फिरायचं आणि त्यात मुख्य माल गेमचा. १९९३ चा ‘डूम’ दोन फ्लॉपींत आला तो पहिल्या भागापुरताच, कारण तो शेअरवेअर होता. हा भाग कॉपी करा, मित्रांना वाटा, आवडला तर पुढचे भाग विकत घ्या, असं निर्मातेच सांगत. म्हणजे तो मित्राकडून उतरवून घेण्यात गैर काहीच नव्हतं. त्याच डब्यातल्या दुसऱ्या फ्लॉपीवरचा वर्ड प्रोसेसर उतरवणं मात्र बेकायदा. कमांड दोन्हींना एकच, आणि फ्लॉपीच्या लेबलवर पेन्सिलीने लिहिलेलं नावही एकाच हातचं. गोंधळाचं मूळ मला तिथेच दिसतं.

खरा छंद फुलला तो १९९८ नंतर, असेंबल्ड मशिनांबरोबर. ज्यांना हौस जास्त त्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचं, दिवसभर मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे संगणकाच्या सुट्या मालाचा बाजार, पालथा घालायचा आणि मांडीवर मदरबोर्डचा खोका घेऊन रात्रीच्या गाडीने परतायचं. बाकीच्यांनी स्थानिक दुकानदाराला ‘कॉन्फिगरेशन’ लिहून द्यायचं. त्या काळी घरोघरी दिसणाऱ्या मशीनवर विंडोज ९८, गाणी वाजवणारा विनॅम्प, पिक्चरच्या सीड्यांसाठी एखादा व्हीसीडी प्लेअर आणि ‘रोड रॅश’ हा गेम, असा संच जवळपास ठरलेला. व्हीसीडीवर ७४ मिनिटांचं चित्र मावायचं, तेही ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. तीन तासांच्या पिक्चरला तीन सीड्या लागत आणि सीडी बदलताना चहा व्हायचा.

गाण्यांचं प्रकरण जास्त रंजक आहे. शेजारी मिरज. तिथली तंतुवाद्यं देशभर जातात, दर्ग्यातल्या संगीतसभेला माणसं रात्र जागवतात, आणि सांगलीतल्या कितीतरी घरांत नाट्यसंगीताच्या, मैफलींच्या कॅसेटी खोक्यांनी भरलेल्या. संगणक घरात आल्यावर वडीलधाऱ्यांनी पहिली मागणी केली ती ह्या कॅसेटी आत घालायची. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर साउंड कार्डच्या लाइन-इनला लावायची आणि टेप वाजेल तितका वेळ बसून राहायचं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. कच्ची, न आवळलेली डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी खायची. तीच १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला इतके किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपीथ्रीत साधारण १ एमबीवर यायची, म्हणून सगळे १२८ वर ठेवत.

वाद सुरू झाला तो इथे. ज्यांचे कान मिरजेच्या तानपुऱ्यावर तयार झालेले, ती मंडळी म्हणायची की १२८ मध्ये जवारी मरते. ती बारीक झणझण सपाट होते, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी. पोरांना वाटायचं, काका उगाच करतात. पण एमपीथ्रीचं काम चालतं ते कानाला ऐकू येणार नाही असा तपशील गाळून, आणि कमी बिटरेटवर पहिला मार बसतो तो वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांनाच. काकांचं बरोबर होतं. पुढे १९२ वर तडजोड झाली. २००१ ला फ्लॅक हा नवा फाइलप्रकार आला, त्यात काहीच गाळलं जात नाही, पण तेवढी हार्डडिस्क परवडायला इथे बरीच वर्षं गेली.

आता तो शब्द. इंग्रजीत ‘फ्री’चे दोन अर्थ एकमेकांत अडकतात, दाम नसलेलं आणि बंधन नसलेलं. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या जीएनयू या सॉफ्टवेअर प्रकल्पाला ‘फ्री’ म्हणजे स्वातंत्र्य अभिप्रेत होतं. प्रोग्राम हव्या त्या कामाला चालवण्याचं, त्याचा कोड (मूळ लिखाण) वाचून बदलण्याचं, प्रती वाटण्याचं आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचं, अशी ही चार स्वातंत्र्यं. (त्यांची मोजणी शून्यापासून तीनपर्यंत होते, संगणकवाल्यांची ही खोड जात नाही.) त्यात किमतीबद्दल अक्षर नाही. विकायलाही मुभा आहे. तरी घोळ होतोच, म्हणून फेब्रुवारी १९९८ मध्ये काहींनी ‘ओपन सोर्स’ हा वेगळा शब्द काढला. त्यावर जुन्या मंडळींची हरकत अशी की यात कोड दिसण्यावर भर येतो आणि स्वातंत्र्याची गोष्ट मागे पडते. तो वाद अजून मिटलेला नाही.

गंमत म्हणजे मराठीला ही अडचण नव्हतीच. आपल्याकडे मोफत वेगळं, मुक्त वेगळं, आणि तुच्छतेने म्हणायचं तर फुकट आहेच. पण सॉफ्टवेअर आलं ते इंग्रजी शब्दाच्या पाठीवर बसून, आणि आपण तो शब्द त्याच्या गोंधळासकट घेतला. इथे त्याचा अर्थ आणखी ताणला गेला. दुकानाच्या भाषेत ‘ओरिजिनल’ म्हणजे खोक्यातून, बिलासकट येणारं, आणि ‘फ्री’ म्हणजे उरलेलं सगळं. त्यात चाळीस दिवसांच्या चाचणीवर वर्षानुवर्षं चालणारं, फायली आवळणारं विनरार आलं. २००५ पर्यंत डोक्यावर जाहिरातीची पट्टी घेऊन फिरणारं ऑपेरा ब्राउझर आलं. लिनक्स आलं आणि क्रॅक मारलेलं, म्हणजे कुलूप तोडून चालवलेलं फोटोशॉपही. शाम्पूची किंवा गाडीच्या पार्टची नक्कल असली की हाच ग्राहक बिनदिक्कत ‘डुप्लिकेट’ म्हणायचा. सॉफ्टवेअरला तो शब्द कधी चिकटला नाही, कारण प्रत मूळ मालासारखीच चालायची.

रेक्झिनच्या एका फोल्डरचं उदाहरण घ्या. पारदर्शक कप्प्यांत सीड्या, वर काळ्या मार्करने नावं. एका कप्प्यात ‘रेड हॅट’ (लिनक्सचाच एक अवतार), पुढच्यात ‘फोटोशॉप’. दोन्हींचा दर एकच, समजा पन्नास रुपये. पहिलीतल्या मुक्त सॉफ्टवेअरची प्रत विकायला परवान्याची मुभा होती, पन्नासच्या जागी पाचशे घेतले असते तरी. दुसरी एखाद्याने फुकट दिली असती तरी ती चोरीच. दाम आणि हक्क यांची अशी उलटी गाठ गिऱ्हाइकाला कुणी सोडवून सांगितली नाही. विकणाऱ्यालाही ती ठाऊक असेल असं मी पैजेवर सांगणार नाही.

कायदा नव्हता असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम आले, आणि १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम बसवलं, ते १९९५ पासून लागू झालं. जाणूनबुजून नकली प्रत वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल तर कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडण्याची मुभाही त्यातच आहे. शिवाय आपल्या मालकीच्या प्रोग्रामची राखीव प्रत काढायला कायद्याची परवानगी आहे, आणि विकणारे नेमका तोच शब्द उचलून ‘बॅकअप कॉपी आहे’ म्हणत. कुणाच्या मालाचा बॅकअप, हे विचारायचं नाही.

तरी इथल्या छांदिष्टांना सरसकट चोर ठरवणं मला पटत नाही. विनॅम्प काही काळ नोंदणीचे दहा डॉलर मागायचा. गावभागातल्या पोराने ते पाठवायचे कसे? घरात क्रेडिट कार्ड नाही आणि मनीऑर्डर अमेरिकेला जात नाही. पैसे द्यायची वाट नसताना द्यायची सवय लागणार कुठून? पुढे वाट झाली, यूपीआयने तर दहा रुपयेही दोन सेकंदांत जातात. पण सवय आधीच पडून गेली होती.

विनॅम्पवरून आठवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा कोड जगजाहीर केला गेला. जुन्या चाहत्यांनी आनंदाने उघडून पाहिला, तर परवान्यात अट : बदललेली प्रत वाटायची नाही. म्हणजे वाचायला खुला, वाटायला बंद. बरीच टीका झाली आणि ऑक्टोबरात ते भांडार काढून टाकण्यात आलं. मोफत, खुलं आणि मुक्त हे तीन वेगळे शब्द का लागतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

छंदाची पुढची चाल ठरवली ती तारेने. डायल-अपवर सेकंदाला चार केबी मिळाले तरी नशीब, म्हणजे पाच एमबीच्या गाण्याला वीसेक मिनिटं. मधे आत्याचा फोन आला की लाइन तुटली. त्यामुळे तुटलेलं डाउनलोड पुढे जोडून घेणारे गेटराइट, फ्लॅशगेट हे इथले आवडते प्रोग्राम झाले. जानेवारी २००५ मध्ये सरकारी दूरसंचार कंपनीचं ब्रॉडबँड सुरू झालं. त्यातल्या पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोजला जात नसे. २५६ केबीपीएसचा हिशेब केला तर सहा तासांत पावणेसातशे एमबीच्या आसपास उतरतं, म्हणजे एक सीडी भरते न भरते. दोनला गजर लावून उठायचं, मोडेमचे दिवे स्थिर झाले का बघायचं, रांग सुरू करून पुन्हा झोपायचं. आठच्या आत थांबलं नाही तर पुढचा हिशेब एमबीवर. काहींनी शेड्यूलर लावून ठेवले, पण भारनियमनाच्या दिवसांत मधेच लाइट गेली की शेड्यूलर आणि झोप दोन्ही वाया. २००७ च्या जानेवारीत वेग २ एमबीपीएसपर्यंत वाढला आणि ही जागरणं कमी झाली.

याच ब्रॉडबँडने नकळत लिनक्सची वाट मोकळी केली. त्याआधी मशीनच्या आत बसवलेली स्वस्त मोडेमं निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरकडून करून घेत, त्यामुळे लिनक्स टाकलं की इंटरनेट बंद. नवा मोडेम नेटवर्कच्या वायरीने जोडला जायचा, त्याला कुठलीही सिस्टिम चालायची. २००४ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या अवताराची पहिली आवृत्ती आली, आणि मागेल त्याला सीडी टपालाने घरपोच, टपालखर्चासकट मोफत. ही सोय २०११ पर्यंत टिकली. परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन पोस्टमन दारात आला की घरचे विचारायचे, “कुणाचं रे पत्र?” आतल्या छापील खोळीवर स्पष्ट लिहिलेलं असायचं की कॉपी करा आणि वाटा. ‘फ्री’चे दोन्ही अर्थ ज्यात एकत्र होते अशी बहुतेक ही पहिली वस्तू. तरी ती पाहून शेजाऱ्यांचा प्रश्न ठरलेला : याच्यात ‘व्हाइस सिटी’ गेम चालते का? चालत नव्हती.

व्हीएलसीचं मात्र तसं नाही झालं. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेला, २००१ पासून मुक्त परवान्यावर असलेला हा प्लेअर इथे ‘नारिंगी टोपीवाला’ म्हणून घरोघरी गेला, कारण कोडेक (फाइल उलगडायला लागणारे जोड-प्रोग्राम) शोधत बसायची कटकट त्याने संपवली. तो मुक्त आहे म्हणून कुणी घेतला नाही. कुठलीही फाइल उघडायचा म्हणून घेतला.

नंतरचा इतिहास भरभर गेला. दुकानांवर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’च्या पाट्या लागल्या आणि सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त होताच उतरल्याही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागात अनेकांनी कॅबिनेट माळ्यावर चढवली, सीड्यांचे डबे खाली राहिले. चिखल धुतल्यावर काही सीड्या वाजल्या, काहींचा वरचा चंदेरी पापुद्रा हातात आला. कॅसेटींवरून उतरवलेल्या मैफली बऱ्याच जणांच्या त्यातच होत्या.

आज जुनी मशिनं घेऊन येणाऱ्यांपैकी ज्यांना नुसतं इंटरनेट आणि पिक्चर हवेत, त्यांना लिनक्स विनातक्रार चालतं. अडतात ते पत्रिका-हँडबिलं करणारे डीटीपीवाले. त्यांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या फायली युनिकोड हा अक्षरांचा सामायिक संकेत रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टांत आहेत, कीबोर्डची सवय त्या फॉन्टांची, आणि ते चालवणारी जुनी सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवर. अशांच्या मशीनची इंटरनेटची वायर काढायची, मागे ‘नेट लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवायची आणि जुनं विंडोज तसंच चालू ठेवायचं, हा सध्याचा तोडगा.