पन्नाशीनंतर मेंदू लवकर थकतो का? एक खुलासा

‘पन्नाशी ओलांडली की मेंदू लवकर थकतो, डोक्याचे काम तरुणांकडे द्यावे’ हे वाक्य फोर्टपासून अंधेरीपर्यंतच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे ऐकू येते, आणि त्यापायी अनुभवी माणसांच्या हातून कामे काढून घेतली जातात. यात मंदावणे आणि थकणे या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या. आज त्याच ईईजी तंत्राने, डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून, थकव्याचा अभ्यास होतो. काम लांबत गेले की कपाळामागच्या भागातील थीटा लहरी, म्हणजे सेकंदाला साधारण ४ ते ८ आवर्तनांच्या लहरी, सहसा वाढतात. मात्र वयानुसार अल्फा लहरींचा, म्हणजे शांत जागेपणी दिसणाऱ्या सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांच्या लहरींचा, वेग मुळातच थोडा कमी होतो, आणि तेच काम करताना ज्येष्ठांच्या मेंदूचा पुढचा भाग पुष्कळदा अधिक सक्रिय दिसतो. त्यामुळे विशीतल्या तरुणाचे मोजमाप साठीच्या माणसाला लावले, तर ताजातवाना माणूसही दमलेला ठरू शकतो. तुलना करायची ती त्याच व्यक्तीच्या कामापूर्वीच्या नोंदीशी, आणि तीही चुका व प्रतिसादाचा वेळ सोबत पाहून.

अपुऱ्या झोपेकडे तर याहून अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला वाटते. विरारहून पहाटेची लोकल पकडणारा, जेमतेम पाच तास झोपलेला पंचविशीतला मुलगा दुपारी पडद्यासमोर पेंगतो. शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला उत्तर द्यायला क्षणभर अधिक लागला, तर तेवढ्यावरून त्याला थकलेला म्हणणे चूक आहे.